आईच्या पासपोर्टवरचं नाव

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये मी हाँगकाँग सोडलं, तेव्हा विमानतळावर बाबांनी दोन पासपोर्ट शेजारी शेजारी धरून पाहिले. एक माझा, एक माझ्या धाकट्या भावाचा, निखिलचा. निखिल फक्त मला सोडायला आला होता, त्याचा पासपोर्ट आणायचं काही कारण नव्हतं. पण बाबा घराबाहेर पडताना सगळ्यांचे पासपोर्ट बरोबर घ्यायचे. फेरीबोटीनं समोरच्या बेटावर जायचं असलं तरी.

दोन्ही पासपोर्टांचा रंग तोच गडद लाल. वर तोच सिंह आणि तोच एका शिंगाचा घोडा. माझ्या पासपोर्टवर सगळ्यात वर 'युरोपियन युनियन' ही एक ओळ जास्त होती, एवढाच काय तो बाहेरून फरक. पंधरा वर्षांचा निखिल त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाला, "सेम तर आहे, बाबा." बाबांनी माझा पासपोर्ट माझ्या हातात दिला, निखिलचा परत आपल्या बॅगेत ठेवला आणि चेन दोनदा ओढून बघितली.

आईनं लसणीच्या चटणीचा डबा तिसऱ्यांदा प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला. बाबा म्हणाले, "फोन वगैरे ठीक आहे. पण पत्र लिहीत जा. तुझं अक्षर चांगलं आहे."

आमच्या घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. घरात कोणताही फॉर्म आला, शाळेचा, विजेचा, लायब्ररीचा, की तो माझ्यापुढे सरकायचा. "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच भर." मला त्याचा अभिमान वाटायचा. तेव्हा.

इथे लंडनमध्ये मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की समोरचे विचारतात, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी सांगते, हाँगकाँगची. मग ते हसतात. "नाही हो, मूळच्या?" पुण्याहून वर्क परमिटवर आलेली मंडळी असतात, त्यांना मूळ म्हणजे पेठेपर्यंत पत्ता लागतो. माझा नवराही त्यातलाच. सुरुवातीला तोही मला हे विचारायचा, आता शहाणा झालाय. तर एकदा सांगून टाकते. माझे आजोबा रत्नागिरीकडून हाँगकाँगला गोदीत कारकून म्हणून गेले. माझे बाबा तिथे जन्मले. आई सांगलीची, लग्न होऊन हाँगकाँगमधल्या काउलूनला आली. मी आणि निखिल दहा वर्षांच्या अंतरानं तिथल्या एकाच हॉस्पिटलमध्ये जन्मलो. आमच्या डोक्यावरून जुन्या विमानतळाची विमानं इतकी खालून जायची की आईच्या मांडणीवरची स्टीलची पातेली वाजायची, आणि आम्ही बोलता बोलता थांबून, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचो. मला अजूनही मूळ म्हटलं की तोच आवाज आठवतो.

बाबा एका सिंधी व्यापाऱ्याकडे शिपिंगची कागदपत्रं करायचे. आयुष्यभर लोकांचा माल बिनचूक कागदांवर जगभर पाठवला. त्यांच्या हातून एक कॉमा इकडचा तिकडे झाला नाही, असं त्यांचे शेठ सगळ्यांना सांगायचे.

आता त्या कायद्याबद्दल. मी तो इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. सत्त्याण्णव साली ब्रिटिशांनी हाँगकाँग चीनला परत द्यायचं, हे माझ्या लहानपणीच ठरलं. जमीन, पाणी, पूल, बोगदे सगळ्याची सोय लावली. माणसांचं काय, तर एक नवीनच नाव काढलं, 'ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज'. नावात ब्रिटिश, नॅशनलही, पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. चिनी वंशाच्या लोकांना निदान चीन आपलं म्हणणार होता. आम्हाला चीन आपलं म्हणणार नव्हता, भारतानं कधीच सोडलं होतं, आणि ब्रिटननं हे नाव देऊन हात झटकले होते. घर परत करताना कपाटामागे काहीतरी राहून जातं ना, तसे आम्ही राहिलो. शेवटी फार ओरडा झाल्यावर, हस्तांतराला काही महिने उरलेले असताना, लंडनच्या पार्लमेंटनं आमच्यासारख्यांसाठी एक छोटा कायदा केला. ज्यांच्याकडे दुसरं कुठलंच राष्ट्रीयत्व नाही, त्यांना खरं ब्रिटिश नागरिकत्व मिळेल. अट एकच. त्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका ठरावीक दिवशी तुम्ही दुसऱ्या कुठल्या देशाचे असता कामा नये.

मी अर्ज केला, मला मिळालं. निखिलच्या अर्जाला नकार आला. अकरा वर्षांचा मुलगा, त्याच आईबापांचा, त्याच हॉस्पिटलमधला. कारण काय, तर तो भारतीय आहे असं दिसतं.

तो भारतीय कसा दिसला, त्याची गोष्ट मुंजीची आहे.

निखिलचं आठवं वर्ष सरायच्या आत मुंज झालीच पाहिजे, असा बाबांचा हट्ट होता. हाँगकाँगला जन्मलेल्या माणसाला असल्या गोष्टींचा जास्तच हट्ट असतो, हे मी आता इथल्या लोकांकडे बघून सांगू शकते. मुंज सांगलीला मामाच्या घरी करायची ठरली. भटजींनी मुहूर्त काढून पाठवले, त्यातला चैत्रातला एकच आमच्या शाळांच्या ईस्टरच्या सुट्टीत बसत होता. आणि निखिलचा पासपोर्ट तयार नव्हता. अख्खं हाँगकाँग तेव्हा नवीन ओव्हरसीज पासपोर्टच्या रांगेत होतं. पासपोर्ट नाही म्हणून व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणून मुंज नाही. तेव्हा कुणीतरी सुचवलं की निखिलच्या आईचा पासपोर्ट भारतीय आहे ना, मग त्यावरच मुलाचं नाव घालून घ्या, चार दिवसांत होतं. आणि झालं. आईच्या पासपोर्टच्या मागच्या पानावर निखिलचा इवलासा फोटो आणि नाव आलं. आम्ही सांगलीला गेलो. चकोट केलेला निखिल मातृभोजनाला आईच्या ताटात जेवला, आणि 'भवति भिक्षां देहि' म्हणताना कॅन्टोनीज मुलासारखे हेल काढले म्हणून सगळा मांडव हसला. मुहूर्त साधला.

तीन वर्षांनी तेच पान पुढे आलं. आईवडिलांचे पासपोर्ट अर्जाबरोबर जोडायचे होते, बाबांनी जोडले. प्रामाणिक माणूस, पानं लपवणारा नव्हे. त्यावरून नकार. बाबा भारतीय कचेरीत गेले, म्हणाले, हा मुलगा भारताचा नागरिक नाही एवढं एका ओळीत लिहून द्या. तिथले साहेब म्हणाले, आम्हीच नाव घातलं आणि आम्हीच नाही म्हणू कसं? झालं. ब्रिटन म्हणतं, तो भारताचा. भारत म्हणतो, आमचा असल्याचं आम्ही सांगत नाही, पण नसल्याचंही लिहून देणार नाही. कुणीच ताकास तूर लागू देईना.

मी बाबांना म्हणाले, मग तुम्ही तरी तुमचा अर्ज करा. त्यांना सरळ मिळालं असतं. ते म्हणाले, "मुलाला नाही, तर मी घेऊन काय करू?" मी चिडले, समजावलं, भांडले. त्यांनी अर्ज केला नाही तो नाहीच.

आणि मग मी निघून आले. लंडनच्या वेम्बलीत एक खोली, मग नवरा, मग छोटं घर. घरामागे हातभर बाग, त्यात कढीपत्ता लावला, तो दर जानेवारीत मरतो आणि मी दर एप्रिलमध्ये नवीन आणते. जवळच्या ईलिंग रोडवर सगळं मिळतं, चितळ्यांची नसली तरी बाकरवडी मिळते, पण हाँगकाँगच्या बेकरीतला अननस बन मिळत नाही. हे मी इथल्या मराठी माणसांना सांगितलं तर त्यांना ते घरच्या आठवणीत धरवत नाही. त्यांच्या आठवणीत आंबे असतात.

नोकरी मिळाली ती कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग विभागात, काउंटरच्या आतल्या बाजूला. समोर सोमाली, तमिळ, पोलिश माणसं येतात, आणि मी म्हणते, "ओरिजिनल डॉक्युमेंट्स, प्लीज." दिवसातून तीसेक वेळा म्हणते. फोटोकॉपी चालत नाही, हेही म्हणते. सुरुवातीला घरी येऊन मला स्वतःचाच राग यायचा. आता येत नाही, याचा जास्त येतो.

निखिल अठरा वर्षांचा झाला, त्यानं स्वतः पुन्हा अर्ज केला, आणि पुन्हा तेच पत्र आलं. नुसती तारीख बदललेली. त्या रविवारी सकाळी मी फोन केला तेव्हा आई रडत होती. निखिलनं सगळ्यांसमोर जानवं काढून टेबलावर ठेवलं होतं आणि बाबांना म्हणाला होता, "हे घ्या. याच्यासाठी माझा कंट्री गेला." त्यानंतर बापलेकात कामापुरतं बोलणं उरलं. जेवायला ये, लाइट बंद कर, डॉक्टरची अपॉइंटमेंट कधी. एकाच फ्लॅटमध्ये, जिथे एकानं कूस बदलली तरी दुसऱ्याला कळतं.

मीसुद्धा मागे राहिले नाही. मी इथून फोनवर बाबांना म्हणाले, "एका मुहूर्तासाठी केवढी घाई केलीत, बाबा. पुढच्या वर्षी केली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?" बाबा म्हणाले, "घाई माझीच होती, बाळा. झालं खरं."

हे वाक्य मी पुढे चार वर्षं त्यांच्या कबुलीजबाबासारखं वापरलं. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं.

मधे निखिल एकदा लंडनला आला, सहा महिन्यांपुरतं येता येतं तसा. हीथ्रोला मी 'यूके आणि ईयू'च्या बाजूनं कधीही दहा मिनिटांत बाहेर पडते. तो 'इतर'च्या रांगेत दोन तास. त्याच्या हातातल्या पासपोर्टवर राणीच्या नावानं विनंती छापलेली, की हा पासपोर्ट बाळगणाऱ्याला विनाअडथळा जाऊ द्यावं, आणि राणीच्याच देशात अडथळा. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ताई, तो ऑफिसर मला विचारतो, तुझी होम कुठे आहे? मी म्हणालो, काउलून. तो म्हणतो, पण हा तर आमचा पासपोर्ट आहे." आणि हसला. मला हसता आलं नाही. मी त्याला मँचेस्टरच्या एका कंपनीची जाहिरात दाखवली, त्याच्याच कामाची, म्हटलं, काहीतरी मार्ग काढू. तो म्हणाला, "मी इकडे राहायला येत नाहीये, ताई. मला फक्त कुणाचा तरी असायचंय. उद्या माझी मुलं झाली तर ते काय लिहिणार?" हे ओव्हरसीज नाव मुलांना देता येत नाही, बापाबरोबर संपतं. कायदा करणाऱ्यांनी तेवढं मात्र नीट बघितलं होतं. सहा महिने पूर्ण व्हायच्या आठवडाभर आधी तो परत गेला.

बाबा गेले ते दोन हजार आठच्या डिसेंबरात, बसल्या बसल्या, पेपर वाचताना. मी पोचले तेव्हा हाँगकाँगच्या विमानतळावर मला पर्यटकांच्या रांगेत उभं राहावं लागलं. तिथली ओळखपत्रं मधल्या काळात बदलली होती. मी माझं जुनं वेळेत बदलून घेतलं नव्हतं, आणि ते आता चालत नव्हतं. अधिकारी मुलीनं माझ्या ब्रिटिश पासपोर्टात जन्मस्थान वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि इंग्रजीत विचारलं, किती दिवसांसाठी आलात? मी कॅन्टोनीजमध्ये सांगितलं, माझे वडील गेलेत. पलीकडे निखिल उभा होता. रहिवाशांच्या गेटमधून तो कार्ड टेकवून येतो-जातो.

तेराव्यानंतर बाबांचं कपाट मीच आवरलं. खालच्या खणात निखिलची फाइल होती, बाबांच्या पद्धतीनं, प्रत्येक कागदाला क्रमांक. सगळे अर्ज, सगळे नकार. आणि सगळ्यात तळाशी, क्रमांक नसलेला एक लिफाफा. त्यात जानवं होतं, निखिलनं टेबलावर ठेवलेलं, नीट गुंडाळलेलं. आणि एक फोटोकॉपी. आईच्या पासपोर्टवर मुलाचं नाव घालण्यासाठी भारतीय कचेरीत दिलेला अर्ज. खाली आईची थरथरती सही. बाकी सगळा फॉर्म माझ्या अक्षरात.

'मुलाचं राष्ट्रीयत्व' या रकान्यापुढे, सुबक मोठ्या अक्षरात, मी लिहिलं होतं, इंडियन.

मला ते एका क्षणात सगळं आठवलं, आणि तोपर्यंत चौदा वर्षं जराही आठवलं नव्हतं. मी सतरा वर्षांची होते. मैत्रिणी खाली थांबल्या होत्या, आम्हाला बर्फावर स्केटिंगला जायचं होतं. बाबा कामावर होते. आईनं फॉर्म पुढे सरकवला. त्या रकान्यापाशी मी थांबले होते, हेसुद्धा आठवलं. आईला विचारलं, "इथे काय लिहू?" आई कणीक मळत म्हणाली, "आपण भारतीयच ना गं?" आणि मी लिहून टाकलं. ब्रिटिश लिहिलं असतं तर काय झालं असतं? खिडकीपलीकडच्या माणसानं फॉर्म परत केला असता, मुहूर्त हुकला असता, मुंज पुढच्या वर्षी झाली असती, आणि निखिल आज माझ्यासारखा दहा मिनिटांत बाहेर पडला असता. इतकं साधं.

फोटोकॉपीवर कचेरीचा शिक्का होता, पहिल्या नकारानंतरच्या तारखेचा. म्हणजे साहेबांनी 'लिहून देणार नाही' म्हणताना हीच कॉपी बाबांपुढे टाकली असणार, बघा, तुमच्याच घरातून लिहून आलंय. बाबांनी ती घरी आणली, माझं अक्षर ओळखलं, आणि लिफाफ्यात घालून तळाशी ठेवली. मला विमानतळावर सोडायला आले तेव्हा त्यांना हे माहीत होतं. मी फोनवर त्यांना मुहूर्तावरून बोलत होते तेव्हा माहीत होतं. निखिलनं जानवं टेबलावर ठेवलं तेव्हा एक वाक्य बोलले असते तर मुलगा त्यांच्याशी बोलत राहिला असता. ते बोलले नाहीत. घाई माझीच होती, म्हणाले. खोटंही बोलले नाहीत.

मी लिफाफा माझ्या पर्समध्ये घातला आणि लंडनला घेऊन आले. निखिलला सांगितलं नाही. मला भीती वाटली, सरळ सांगते. बाप गेला होता, आता मी एकटीच होते जिच्याशी तो अजून हसून बोलत होता.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात इथे पुन्हा कायदा बदलला. ज्या ओव्हरसीजवाल्यांकडे दुसरं काहीच नाही, त्यांना आता अर्ज करता येईल, फेब्रुवारीतला तो जुना दिवस मधे येणार नाही. निखिलनंच मला लिंक पाठवली, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. मी ईलिंग रोडवरच्या एका सॉलिसिटरबाईंकडे गेले. साठीच्या, गुजराती, केनियात जन्मलेल्या. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "हमारे टाइम में भी यही हुआ था, बहन. फ्लॅग बदलता है, लोग रह जाते हैं." मग फाइल चाळून त्या म्हणाल्या, गंमत अशी आहे की तुझा भाऊ भारतीय कधी नव्हताच. बाबा त्याच्या जन्माआधीपासून भारतीय नव्हते, आणि त्या काळी भारताच्या कायद्यात परदेशी जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळतच नव्हतं. म्हणजे आईच्या पासपोर्टवर नाव घालता येत होतं, आईकडून देश घेता येत नव्हता. बारा वर्षं एका मुलाचं आयुष्य एका चुकीच्या रकान्यावर अडून राहिलं, आणि एकाही टेबलावरच्या माणसाला कायदा उघडून बघावासा वाटला नाही.

"पण तो रकाना अजून तिथे आहे," बाई म्हणाल्या. "किसने भरा?"

मी लिफाफा काढला.

त्यांनी माझ्याकडून शपथपत्र करून घेतलं. मी अमुक, निखिलची बहीण, हा फॉर्म मी भरला, तेव्हा मी सतरा वर्षांची होते, राष्ट्रीयत्वाची नोंद मी वडिलांना न विचारता, न समजता केली, ती चूक आहे आणि चूक माझी आहे. दोन देशांची पत्रं, शिक्के, टिपणं, नकार, मिळून ती फाइल आता वीतभर जाड आहे. त्यात चूक कबूल करणारा तो एकच कागद आहे.

अर्ज निखिलचा, तेव्हा शपथपत्राची प्रत त्याला जाणारच होती. गुरुवारी बाईंनी ईमेल केला. रविवारी सकाळी मी फोन केला, त्यानं उचलला नाही. पुढच्या रविवारी आईनं उचलला. म्हणाली, निखिलनं तो कागद मला वाचून दाखवला. मग म्हणाली, "मीच म्हणाले होते गं, भारतीयच ना." आता तिनंही वाटा मागितला. तिसऱ्या रविवारीही तो आला नाही फोनवर.

डिसेंबरात बाबांच्या वर्षश्राद्धासाठी मी गेले. पर्यटकांच्या रांगेत उभी राहिले. कार्ड या खेपेला करायचं, असं दर वेळी ठरवते. रांग हळूहळू सरकत होती आणि मला पहिल्यांदाच पलीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. तो आला नसेल तर टॅक्सी कुठे मिळते, हे त्या गावात जन्मलेली मी पाट्या वाचून शोधत होते.

तो आला होता. बॅग घेतली, म्हणाला, "चल, आई थांबलीये." बसमध्ये बॅग पायाशी धरून बसला. वाटेतल्या पुलावर म्हणाला, "बाबांना माहीत होता?"

"हो."

"फ्रॉम द बिगिनिंग?"

"हो."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या खांद्याचा आकार बाबांसारखा झालाय, हे मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्राद्धाला मी लिफाफ्यातलं जानवं त्याच्यापुढे ठेवलं. बाबा गेले तेव्हा त्यानं भटजींनी दिलेलं नवीन घातलं होतं आणि तेराव्याला काढून टाकलं होतं. हे त्यानं हातात घेतलं, ओळखलं. भटजी म्हणाले, जुनं चालत नाही, नवीन घ्या. इथे उलटं, भटजींना ओरिजिनलच चालत नाही, असं माझ्या मनात आलं. निखिल म्हणाला, "मला हेच पाहिजे." आणि घातलं. पिंड देताना त्याचे हेल अजून तसेच होते.

जेवणं झाली, भटजी गेले. आई आत पडली. निखिलनं टेबल पुसलं आणि त्यावर नवीन अर्ज आणून ठेवला, छापून आणलेला, कोरा. जानेवारीपासून घेणार आहेत. मला वाटलं, दाखवायला आणलाय. मी पहिलं पान उलटलं, म्हटलं, बघू, काय काय विचारलंय.

त्यानं पेन माझ्याकडे सरकवलं.

"तू भर," म्हणाला. "तुझा अक्षर चांगला आहे."

मला काही वेळ कागद दिसेना. तो समोर शांत बसून राहिला, घाई न करता. मग मी भरायला घेतलं. नाव मी त्याला विचारून लिहिलं, स्पेलिंग विचारून. जन्मतारीख विचारली. वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा तो जरा हसला, पण सांगितलं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी मी पेन उचलून धरलं आणि त्यानं एकेक अक्षर सांगितलं तसं लिहिलं, मग दोघांनी मिळून वाचलं. मिळेल का, कधी मिळेल, मला सांगता येणार नाही. पुन्हा नकार आला तर पुन्हा भरू. मिळालं तरी तो वेम्बलीला राहायला येणार नाही, हे मला कळलंय. वरची खोली मी त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती, ती आता पाहुण्यांची म्हणायला शिकेन.

सगळा अर्ज असा विचारून विचारून भरला. एकच रकाना मी त्याला न विचारता लिहिला, हात न थांबवता, मजल्यासकट, फ्लॅटच्या नंबरासकट. घरचा पत्ता.